कॉम्प्युटरला गायला लावणारा व्हायोलिनवाला: मॅक्स मॅथ्यूजची गोष्ट

रात्री झोप येत नसली की यूट्यूब आपल्याला कुठंही नेऊन सोडतं. अशाच एखाद्या रात्री ती क्लिप तुमच्याही समोर आली असेल. काळा-पांढरा फोटो, खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर आणि मागे एक विचित्र आवाज. नाकात गाणारा, थोडा चिरका, थोडा केविलवाणा. गाणं इंग्रजी, चाल साधी, आणि साथीला खेळण्यातल्या पेटीसारखे सूर. वर्ष १९६१.

ही कॉम्प्युटरनं गायलेल्या गाण्याची सगळ्यात जुनी माहीत असलेली रेकॉर्डिंग. मी ती पहिल्यांदा ऐकली ती कॉलेजात, साऊंडच्या तासाला. वर्गात सगळे हसले होते. मलाही हसू आलं, पण घरी जाताना तो आवाज डोक्यातून जाईना.

आज एआयनं गायलेली गाणी आपण रोज ऐकतो. गेलेल्या गायकांच्या आवाजात नवीन गाणी येतात, आणि त्यावर भांडणंही होतात. माणसाच्या गाण्याचं आता काय होणार, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. पण एका माणसानं तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः व्हायोलिन वाजवायचा. आणि गाणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचल्यावर त्यानं पुढचं आयुष्य घालवलं ते या मशीनला जिवंत वादकाचं ऐकायला शिकवण्यात.

त्याचं नाव मॅक्स मॅथ्यूज.

नेब्रास्कातला पोरगा

मॅक्सचा जन्म १३ नोव्हेंबर १९२६ चा. गाव कोलंबस, राज्य नेब्रास्का. म्हणजे अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांचा मुलूख. आईवडील शिक्षक, घरात विज्ञानाचं वातावरण. लहानपणी त्याच्या हातात व्हायोलिन आलं आणि ते आयुष्यभर सुटलं नाही.

पण तो काही चमत्कारी बालकलाकार वगैरे नव्हता. आपण व्हायोलिन बेतासबात वाजवतो, हे तो पुढं मोकळेपणानं सांगायचा. ज्यांनी कधी व्हायोलिन हातात धरलंय त्यांना माहिती आहे, हे वाद्य नवशिक्याला फार छळतं. पेटीवर बोट ठेवलं की सूर तरी सुरात येतो. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर गेला. गज जरा वाकडा पडला की दार करकरल्यासारखा आवाज. मनातलं संगीत आणि हातातून निघणारं संगीत यांच्यात जे अंतर असतं ना, ते मॅक्सनं लहानपणापासून भोगलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण त्याच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हेच अंतर आहे.

दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला, तिथं रेडिओ दुरुस्तीचं काम शिकला. सिॲटलमध्ये असताना ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायला मिळाल्या आणि संगीताचं वेड पक्कं झालं. युद्ध संपल्यावर कॅलटेकमधून १९५० साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग १९५४ साली एमआयटीतून डॉक्टरेट. आणि १९५५ साली नोकरी लागली बेल लॅब्जमध्ये.

मध्यंतरातली कल्पना

बेल लॅब्ज म्हणजे अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. न्यू जर्सीतल्या मरे हिलला तिचा मोठा पसारा. ट्रान्झिस्टर इथलाच. टेलिफोन कंपनीला माणसाच्या आवाजात रस असणं साहजिक आहे. कमी तारांमधून जास्त बोलणी कशी पाठवायची, हा तिचा रोजचा धंद्याचा प्रश्न.

मॅथ्यूज यांचं काम याच खात्यात. आवाज पाठवायची एखादी नवी पद्धत सुचली की ती चांगली की वाईट हे ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ऐकायचं तर आधी सर्किट बांधायला लागायचं. त्यात महिनेच्या महिने जायचे. मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं लावलं. आवाजाचे आकडे करायचे, ते कॉम्प्युटरला खाऊ घालायचे, प्रयोग कॉम्प्युटरच्या आतच करायचा आणि शेवटी आकड्यांचा पुन्हा आवाज करून ऐकायचा.

आकड्यांचा आवाज कसा होतो? सोप्या भाषेत सांगायचं तर आवाज म्हणजे हवेचा दाब सारखा वरखाली होणं. तो दाब सेकंदाला हजारो वेळा मोजला की आकड्यांची लांबलचक माळ मिळते. तीच माळ उलट दिशेनं स्पीकरकडं पाठवली की स्पीकरचा पडदा तसाच हलतो आणि आवाज परत ऐकू येतो. तुमच्या मोबाइलमधलं प्रत्येक गाणं आजही याच तत्त्वावर वाजतं.

आता इथं एक पाचर मारा. आकडे बाहेरून आले नाहीत, कॉम्प्युटरनंच तयार केले तर? तर जगात कधीच कुणी न काढलेला आवाजही ऐकता येईल.

ही ठिणगी पडली एका पियानोच्या मैफिलीत. मॅथ्यूज आपले साहेब जॉन पीअर्स यांच्याबरोबर ऐकायला गेले होते. हे पीअर्स म्हणजे ट्रान्झिस्टरचं बारसं करणारे गृहस्थ, आणि दळणवळण उपग्रहांच्या जनकांपैकी एक. त्या दिवशी शोनबर्ग आणि श्नाबेल यांच्या रचना होत्या. शोनबर्ग दोघांना आवडला, श्नाबेल फारसा पटला नाही. मध्यंतरात पीअर्स यांनी सुचवलं की यापेक्षा बरं काम कॉम्प्युटर करील, थोडा वेळ काढ आणि प्रोग्रॅम लिही.

आपल्याकडं मध्यंतरात वडापाव खाऊन लोक परत आत जातात. यांनी संगीताची एक अख्खी शाखा काढली.

सतरा सेकंद

मे १९५७. प्रोग्रॅमचं नाव म्युझिक वन. कॉम्प्युटर आयबीएम ७०४, तोही बेल लॅब्जमध्ये नव्हता. तो न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर, आयबीएमच्या मुख्यालयात. मॅथ्यूज पंच कार्डांचा गठ्ठा घेऊन तिकडं जायचे, मशीनचा वेळ भाड्यानं घ्यायचे, आकडे चुंबकीय टेपवर उतरवायचे आणि ती टेप घेऊन परत मरे हिलला यायचे. तिथल्या यंत्रावर मग आकड्यांचा आवाज व्हायचा. थोडक्यात, तार छेडायची एका गावात आणि ऐकायची दुसऱ्या गावात.

पहिली रचना केली सहकारी न्यूमन गटमन यांनी. नाव 'द सिल्व्हर स्केल', लांबी १७ सेकंद. सेकंदाला दहा हजार आकडे या हिशोबानं झाले १ लाख ७० हजार आकडे. एवढ्यासाठी मशीनला तासभर लागला, असं सांगतात. आणि ऐकायला कसं होतं? खरं सांगायचं तर भिकार. एकच आवाज, एकच पोत, भावना शून्य. मॅथ्यूज यांनाही त्याबद्दल भ्रम नव्हता.

इथं एक गैरसमज दूर करू. मॅथ्यूज यांनी कॉम्प्युटरवर जगातली पहिली धून वाजवली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिसरॅक कॉम्प्युटरनं आणि इंग्लंडात मँचेस्टरच्या मशीननं त्याआधीच धुना वाजवल्या होत्या. मँचेस्टरच्या धुनांचं १९५१ चं रेकॉर्डिंगही आहे. पण ती मशीन स्पीकरला फक्त टिकटिक धक्के देत होती. गाडीच्या हॉर्नवर धून वाजवावी तसं. मॅथ्यूज यांनी आवाजाचा प्रत्येक कण आकड्यातून घडवला, म्हणून तत्त्वतः कुठलाही आवाज त्यांच्या आवाक्यात आला.

त्याच सुमाराला इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ बरोबर उलटं काम करत होते. त्यांनी लेनर्ड आयझॅकसन यांच्या साथीनं कॉम्प्युटरकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करवून घेतली, 'इलिॲक सुइट'. सूर कुठले हे मशीननं ठरवायचं आणि वाजवायचं मात्र हाडामांसाच्या चार वादकांनी, आपल्या नेहमीच्या व्हायोलिन, व्हायोला, चेलोवर. म्हणजे एकीकडं मशीन लिहिणार आणि माणूस वाजवणार, दुसरीकडं माणूस लिहिणार आणि मशीन वाजवणार. दोघांनी एकत्र, एकाच मंचावर वाजवणं अजून फार लांब होतं.

मॅथ्यूज थांबले नाहीत. म्युझिक टू, थ्री, फोर, आणि १९६८ पर्यंत म्युझिक फाइव्ह. यातली म्युझिक थ्री मधली कल्पना आजही जिवंत आहे. आवाज घडवायचे छोटे छोटे ठोकळे करायचे: एक कंपन देणारा, एक गाळणारा, एक आवाज कमी-जास्त करणारा. हे ठोकळे हवे तसे जोडा आणि आपलं वाद्य आपण बनवा. आजच्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जे इकडून तिकडं वायरी ओढता, त्याचं मूळ इथं आहे.

१९६३ साली त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात कॉम्प्युटर हे वाद्य कसं होऊ शकतं यावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा आजही टोचतो. मशीनला कुठलाही आवाज काढता येतो, पण त्यातले कुठले आवाज माणसाच्या कानाला अर्थपूर्ण वाटतील हे मशीनला कळत नाही. अडचण यंत्राची नाही, आपल्या कानाबद्दलच्या आपल्या अज्ञानाची आहे. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या जॉन चाउनिंग या तरुण संगीतकाराच्या हाती हा लेख पडला. तो थेट मॅथ्यूज यांना भेटायला गेला आणि म्युझिक फोरच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन परतला. पुढं याच चाउनिंगच्या शोधावर यामाहाचा डीएक्स सेव्हन हा सिंथेसायझर उभा राहिला, जो ऐंशीच्या दशकातल्या पॉपमध्ये जिकडंतिकडं वाजत होता.

गळा म्हणजे नळ्यांची माळ

आता परत त्या क्लिपकडं येऊ.

१९६१ सालचं ते गाणं म्हणजे 'डेझी बेल'. मूळ गाणं १८९२ चं, हॅरी डेकर यांचं. एक गरीब प्रियकर मुलीला मागणी घालतो. घोडागाडीची ऐपत नाही, पण दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर तू छान दिसशील, असं त्याचं म्हणणं. साधंसुधं, लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं.

गायन मात्र मॅथ्यूज यांचं नव्हे. ते काम जॉन केली आणि कॅरोल लॉकबाम यांचं. हे केली म्हणजे सट्टा आणि गुंतवणुकीतला केली क्रायटेरियन ज्यांच्या नावावर आहे तेच. १९६५ साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते अचानक गेले. त्यांनी आणि लॉकबाम यांनी माणसाच्या घशापासून ओठांपर्यंतचा मार्ग कॉम्प्युटरमध्ये छोट्या छोट्या नळ्यांच्या माळेसारखा मांडला. एक नळी जाड, पुढची बारीक, त्यापुढची पुन्हा जाड. आवाजाची लाट एका नळीतून दुसरीत जाताना थोडी पुढं जाते, थोडी मागं उलटते. नळ्यांची जाडी बदलली की आ चा ई होतो, ई चा ओ होतो. आपण बोलताना जीभ आणि ओठ हेच करत असतात.

साथ मॅथ्यूज यांची, म्हणजे त्यांच्या प्रोग्रॅमची.

बेल लॅब्जमध्ये पीअर्स यांना भेटायला आलेल्या आर्थर सी. क्लार्क यांनी हे ऐकलं. पुढं १९६८ साली आलेल्या 'टू थाउजंड वन: अ स्पेस ओडिसी' या सिनेमात हॅल नावाच्या कॉम्प्युटरला बंद करत असताना तो हेच गाणं गातो. सिनेमा बघितलेला माणूस तो सीन विसरत नाही. फक्त एक आहे. सिनेमात ऐकू येणारा हॅलचा आवाज कॉम्प्युटरचा नाही, डग्लस रेन या नटाचा आहे. म्हणजे कॉम्प्युटरनं माणसासारखं गायलं १९६१ ला, आणि माणसानं कॉम्प्युटरसारखं गायलं १९६८ ला.

टेप कुणासाठी थांबत नाही

कॉम्प्युटर गायला लागला, पण एक दुखणं होतं, आणि ते व्हायोलिन वाजवणाऱ्यालाच नीट कळणार होतं.

आपल्याकडच्या बैठकीचा विचार करा. गायक समेच्या आधी जरा रेंगाळला, तर तबलजीला ते कळतं. गायकानं एखादी जागा लांबवली, तर पेटीवाला थांबतो, मागून अलगद उचलतो. दोघं एकमेकांना ऐकत असतात. पाश्चात्य चौकडीतही चार वादक श्वासानं, नजरेनं एकमेकांना धरून असतात.

कॉम्प्युटरचा आवाज मात्र टेपवर. टेप सुरू झाली की ती आपल्या गतीनं जाणार. समोर जगातला सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादक असला, तरी टेपला त्याचं सोयरसुतक नाही. मारिओ डेव्हिडोव्हस्की यांच्यासारख्या संगीतकारांनी १९६० च्या दशकात जिवंत वाद्य आणि टेप यांच्या सुंदर जोड्या केल्या, पण मंचावर वादकाला टेपच्या मागं धावावं लागायचं. साथीदारानं मुख्य कलाकाराला ओढत न्यावं, असा उलटा मामला.

मॅथ्यूज यांच्या आयुष्याचा दुसरा भाग हा या टेपशी झालेला झगडा आहे. माझ्या मते पहिल्या भागापेक्षा तोच मोठा, पण क्लिप व्हायरल होते ती पहिल्याची.

त्यांनी रिचर्ड मूर यांच्याबरोबर ग्रूव्ह नावाची यंत्रणा उभी केली. ती १९७० च्या सुमारास चालू झाली. यात कॉम्प्युटर स्वतः आवाज काढत नव्हता, तेवढी त्याची गतीच नव्हती. तो आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे कान पिळायचा. पण संगीतकार समोर बसून बटणं, दांडे हलवू शकायचा आणि त्याच क्षणी ऐकू शकायचा. आदल्या दिवशी कार्डं देऊन दुसऱ्या दिवशी आवाज ऐकायचे दिवस संपले.

याच ग्रूव्हवर लॉरी स्पीगल या संगीतकार बाईंनी केप्लरच्या ग्रहगतीच्या गणिताचं संगीत केलं. ते कुठं गेलं माहितीये? १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या तबकडीवर अवकाशात. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं 'जात कहाँ हो' गाताना. मॅथ्यूज यांच्या यंत्रणेतून निघालेले सूर आणि केसरबाईंचा आवाज, दोन्ही एकाच तबकडीवरून आंतरतारकीय अवकाशात पोचलेत. यानं उडाली ऑगस्ट आणि सप्टेंबरात, आणि १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या.

पोट नसलेलं व्हायोलिन

यादरम्यान मॅथ्यूज यांनी आपलं जुनं प्रेम टेबलावर उलगडून ठेवलं, म्हणजे व्हायोलिन.

व्हायोलिनची तार एकटी वाजवली तर जेमतेम ऐकू येते. आवाजाला गोडी देते ती लाकडी पेटी. काही सुरांना ती उचलून धरते, काहींना दाबते. या उचलून धरण्याला अनुनाद म्हणतात. चांगल्या व्हायोलिनमध्ये असे कित्येक अनुनाद दाटीवाटीनं असतात, आणि गज फिरताना, बोट थरथरताना सूर या चढउतारांवरून घरंगळत जातो. आवाज जिवंत वाटतो तो त्यामुळं.

मॅथ्यूज यांनी पेटीच काढून टाकली. तारांची थरथर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पकडली आणि अनुनादांची सर्किटं बनवून त्यातून ती नेली. कोहुट या सहकाऱ्याबरोबरचं हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झालं. गज खरा, बोटं खरी, तारा खऱ्या. पोट तेवढं सर्किटचं.

आता केली-लॉकबाम यांच्या नळ्या आठवा. गळ्यात स्वरयंत्र थरथरतं आणि तोंडाची पोकळी त्या थरथरीला आकार देते. व्हायोलिनमध्ये तार थरथरते आणि पेटी आकार देते. भौतिकशास्त्राच्या नजरेनं गाणारा गळा आणि वाजणारं व्हायोलिन ही एकाच घरातली भावंडं आहेत. म्हणूनच कदाचित जगभर लोक तंतुवाद्याला गाणाऱ्या गळ्याची उपमा देतात. सारंगीबद्दल आपण दुसरं काय म्हणतो?

हंगेरीहून आलेले यानोश नेज्येशी हे व्हायोलिनवादक मॅथ्यूज यांची इलेक्ट्रॉनिक व्हायोलिन घेऊन वर्षानुवर्षं नवं संगीत वाजवत राहिले. प्रयोगशाळेतली वस्तू अखेर मंचावर उभी राहिली.

मेलेला गायक, जिवंत पियानो

आवाजाच्या बाजूला काय चाललं होतं? इथं एक भारतीय नाव येतं. कानपूरचे बिष्णू अटल. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९६१ साली ते बेल लॅब्जमध्ये गेले. आवाजाचा पुढचा आकडा मागच्या काही आकड्यांवरून ओळखायचा, या तत्त्वावरच्या त्यांच्या कामानं टेलिफोनचं जग बदललं. तुमच्या मोबाइलवरचं बोलणं इतक्या कमी डेटात मावतं, त्यामागं ही कल्पना आहे. याच पद्धतीनं आवाजातला गळ्याचा आकार आणि सुराची उंची वेगवेगळी काढता येते. मग उंची बदला, लय बदला, आवाज तोच ठेवा.

मॅथ्यूज संगीतकारांसाठी प्रयोगशाळेची दारं उघडी ठेवायचे, रात्री-अपरात्रीसुद्धा. त्यांतल्याच चार्ल्स डॉज यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये 'स्पीच साँग्ज' केली, मशीननं घडवलेल्या बोलण्यातून. ती ऐकताना लोक हसायचे. पुढं १९८० साली त्यांनी एन्रिको करूसो या १९२१ मध्ये वारलेल्या इटालियन गायकाची जुनी तबकडी घेतली, कॉम्प्युटरनं त्यातला आवाज सोडवला, पुन्हा घडवला आणि त्याच्यासोबत मंचावर खराखुरा पियानोवादक बसवला. गेलेल्या गायकाच्या आवाजावरून आज आपण जे वाद घालतोय, त्याचं बीज तिथंच पडलंय. तिथं करूसोचा आवाज आपल्या जुन्या साथीदारांना शोधत भटकत असल्यासारखा वाटतो. म्हणून ते गाणं नुसती करामत राहत नाही.

साहेबाचं नाव सॉफ्टवेअरला

१९७४ ते १९८० मॅथ्यूज पॅरिसच्या इरकाम या संस्थेचे वैज्ञानिक सल्लागार होते. संगीतकार पिअर बुलेझ यांनी उभी केलेली ही संस्था म्हणजे संगीतकार आणि इंजिनिअर एका छपराखाली.

टेपचं दुखणं बरं करायचा मार्ग इथंच मोकळा झाला. १९८४ साली बॅरी व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट साधली. कॉम्प्युटर वादकाचं वाजवणं ऐकतो, समोरच्या स्वरलिपीत तो कुठं पोचला ते ओळखतो आणि त्याप्रमाणे साथ देतो. वादक थांबला की मशीन थांबतं. तबलजीला जे जमतं त्याची ही बाळपावलं.

मग इरकाममध्ये मिलर पकेट या तरुणानं मंचावर थेट वापरायचं एक सॉफ्टवेअर लिहिलं. कुठली घटना कधी घडवायची, हे सांभाळायची कल्पना त्यानं मॅथ्यूज यांच्या एका जुन्या प्रोग्रॅममधून उचलली होती. त्यामुळं सॉफ्टवेअरचं नाव ठेवलं मॅक्स. आज जिवंत वाद्यांबरोबर इलेक्ट्रॉनिक्स वापरणारा बहुतेक प्रत्येक संगीतकार कधी ना कधी मॅक्स उघडतो. त्यातल्या अनेकांना हे एका माणसाचं नाव आहे हे माहितीही नसतं.

दोन काठ्या

१९८७ साली बेल लॅब्जमधून निवृत्त होऊन मॅथ्यूज स्टॅनफर्डला संगीताचे प्राध्यापक झाले, चाउनिंग यांच्या केंद्रात. ज्यानं कधी कार्डांचा गठ्ठा नेला, त्याच्याच घरी मुक्काम.

तिथं त्यांचा लाडका खेळ होता रेडिओ बॅटन. एक चौकोनी पाट आणि ताशाच्या काड्यांसारख्या दोन काड्या. काड्यांच्या टोकांतून रेडिओ लहरी निघतात आणि काडी पाटावर कुठं, किती उंच आहे हे पाटाला कळतं. मूळ तंत्र बेल लॅब्जमधल्या बॉब बॉइ यांचं, हवेत फिरवायचा माउस म्हणून केलेलं. मॅथ्यूज यांनी त्याचं वाद्य केलं. सूर कॉम्प्युटरमध्ये आधीच भरलेले. माणूस एका काडीनं ठोके देतो, दुसरीनं आवाजाचा जोर सांभाळतो. ठोका थांबला की संगीत थांबलं.

म्हणजे बघा, बोटं सुरात पडायची ती लहानपणची कटकट मशीननं उचलली. पण कधी थांबायचं, कधी उसळायचं, हे माणसाच्या हातात राहिलं. गायकाला स्वतःच्या साथीला स्वतःच चालवता येऊ लागलं. नेब्रास्कातल्या त्या बेतासबात व्हायोलिनवाल्या पोराला हेच तर हवं होतं.

ऐंशी ओलांडल्यावरही ते केंद्रात यायचे, नवे फिल्टर करून बघायचे, विद्यार्थ्यांशी बोलायचे. २००९ सालच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगमध्ये 'डेझी बेल'चा समावेश केला. नोंद मॅथ्यूज यांच्या नावानं आहे. गळा घडवणारे केली आणि लॉकबाम लोकांच्या लक्षात कमी राहतात, म्हणून इथं पुन्हा सांगितलं.

२१ एप्रिल २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मॅक्स मॅथ्यूज वारले. वय ८४. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसच्या इरकाममध्ये फिलिप मनूरी या संगीतकाराची 'टेन्सिओ' ही रचना झाली होती, चार तंतुवाद्यं आणि थेट चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी. त्यात वादकांना टेपच्या मागं धावावं लागत नाही. चौघं आपल्या लयीत वाजवतात, आणि कॉम्प्युटर त्यांचं ऐकत ऐकत मागून येतो.